शनिवारवाड्याच्या हिरवळीखाली काय आहे?

प्रश्न असा आहे: सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला गेलात, तिकीट काढून शनिवारवाडा पाहिलात आणि बाहेर पडताना धाकटीने विचारलं, "बाबा, यात वाडा कुठे होता?" आत फक्त जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, हिरवळ आणि एक कोरडं कारंजं दिसलं. वाड्याचं नेमकं काय झालं आणि आत आज दिसते ती बाग पेशव्यांचीच का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

जुने वाडे आणि गढ्या मोजणं, त्यांची दुरुस्ती करणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम. तुमच्या मुलीचा प्रश्न मी निदान शंभर जणांकडून ऐकला असेल आणि तो अगदी बरोबर आहे. आधी बागेचं सांगतो, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. ती हिरवळ पेशव्यांची नाही. विसाव्या शतकात उत्खनन होऊन जोती उघडी पडली आणि मधल्या मोकळ्या जागेत गवत लावलं गेलं. तुम्ही ज्या गवतावर बसून शेंगा खाल्ल्यात त्याच जागी कुठे दिवाणखाना होता, कुठे मुदपाकखाना, कुठे कोठी. पेशव्यांची बाग चौकांच्या आत होती, आणि तिचा जीव गवतात नव्हे, पाण्यात होता. ते पाणी कुठून यायचं हे कळलं की निम्मा वाडा समजतो.

पण सुरुवातीपासून जाऊ. थोरल्या बाजीरावांनी पाया घातला शनिवारी, १० जानेवारी १७३० रोजी. वास्तुशांत झाली तीही शनिवारीच, २२ जानेवारी १७३२ ला. खर्च १६,११० रुपये. कुत्र्याच्या मागे लागलेल्या सशाची गोष्ट तुम्हाला गाइडने सांगितली असेलच; अशी आख्यायिका आपल्याकडे बऱ्याच गावांच्या स्थापनेला जोडलेली असते, तिच्यावर मी वेळ घालवत नाही. लाकूड जुन्नरच्या रानातलं सागवान, दगड चिंचवडच्या खाणींचा आणि चुना जेजुरीकडचा, असं सांगतात. बाजीरावांच्या हयातीतला वाडा पुढच्या मानाने लहानच होता. स्वारीवर असणारा माणूस तो, घरी राहिला किती? २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला त्यांचा अंत झाला. आपण ज्याला शनिवारवाडा म्हणतो तो बराचसा त्यांचे चिरंजीव नानासाहेब पेशव्यांनी वाढवला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीने त्यात भर घातली.

आता तट बघा. तुम्ही घाईने आत गेला असाल तर पुढच्या वेळी बाहेरच दहा मिनिटं थांबा. खाली काळा घडीव दगड, आणि एका ठरावीक उंचीला दगड संपून वीट सुरू होते. दगडी कोट बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, असं साताऱ्याहून बजावलं गेलं आणि म्हणून वरचं काम विटांत झालं, असं परंपरा सांगते. उत्तरेकडच्या मुख्य दरवाजाबद्दलही शाहू महाराजांनी हरकत घेतल्याचं सांगतात: दिल्लीच्या दिशेला तोंड करून दरवाजा उघडायचा म्हणजे बादशहाला आव्हान. महाराज १७४९ मध्ये गेले आणि त्यानंतर नानासाहेबांनी तटाचं काम पुरं केलं. त्याला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे: उत्तरेला दिल्ली दरवाजा आणि मस्तानी दरवाजा, पूर्वेला खिडकी दरवाजा, मग गणेश दरवाजा, आणि दक्षिणेला जांभूळ दरवाजा, ज्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले. का म्हणू लागले ते खाली येईल.

दिल्ली दरवाजाच्या फळीवर हात ठेवून खिळे मोजायला मुलीला सांगायला हवं होतं. एका फळीवर नऊ गुणिले आठ, म्हणजे बहात्तर अणकुचीदार खिळे, एकेक जवळजवळ वीतभर लांब. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ही योजना. उजव्या फळीत लहान दिंडी आहे, रोजची ये-जा तिच्यातून. दिंडीतून आत जाणारा माणूस आपोआप वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही. आत शिरलं की सरळ वाट नाही. आधी उजवीकडे वळायचं, मग डावीकडे, तेव्हा आतलं आवार दिसतं. दाराशी जमाव घुसला तरी त्याचा वेग या वळणावर मोडावा, हे गढीबांधणीचं जुनं शहाणपण. देवडीतल्या भिंतींवर वर बघितलंत तर गणपतीच्या आणि शेषशायी विष्णूच्या चित्रांचे पुसट अवशेष आहेत. बहुतेक लोक मोबाइल सरळ धरून पुढे जातात आणि ही चित्रं सुटतात.

दरवाजावरचा नगारखाना मूळचा. लाकडी, महिरपींचा. जिना चढून तिथे जरूर जा, कारण आत जे जळून गेलं त्याचा नमुना आज जागेवर तेवढाच उरला आहे. खांब सुरूच्या झाडासारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता. त्यावर केळफुलाचा आकार, त्यावर महिरप. ही पेशवाईची सही आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. हेच खांब डोळ्यांत धरून खाली उतरा, आणि मग जोत्यांवर ठरावीक अंतराने बसवलेले चौकोनी दगड शोधा, मधोमध खोबण असलेले. त्यांना तळखडे म्हणतात. सुरूचा खांब त्या खोबणीत बसायचा. लाकूड जमिनीला टेकू नये, ओल आणि वाळवी चढू नये, म्हणून दगड. दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजलंत की दिवाणखान्याचा खण कळतो. एकदा माझ्याबरोबर आलेल्या सुताराने तळखड्याच्या खोबणीत बोटं घातली आणि खांबाचा घेर किती असेल ते सांगितलं. मग मी टेपने पडताळलं, फरक बोटभराचासुद्धा नव्हता.

आत काय काय होतं? चार मोठे चौक आणि त्यांच्याभोवती महाल. थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, आरसेमहाल, हस्तिदंती महाल, अस्मानी महाल आणि सगळ्यांत नावाजलेला गणपती रंगमहाल, नानासाहेबांनी १७५५ मध्ये बांधलेला. या रंगमहालाचं चित्र आजही उपलब्ध आहे. १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने तह केला. तो प्रसंग जेम्स वेल्सने टिपलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये मोठ्या तैलचित्रात रंगवला. त्यात सुरूचे खांब, महिरपी, मागची गणेशमूर्ती, बैठकीवर ओळीने बसलेले मानकरी दिसतात. चित्रकाराने थोडं भव्य केलं असणार, पण हातात ते चित्र घेऊन जोत्यावर उभं राहिलं की रिकामी जागा भरू लागते. सात मजली मेघडंबरीवरून आळंदीच्या माउलींच्या देवळाचा कळस दिसायचा असंही पुण्यात सांगतात.

आता पाणी. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा जरा लांबेल.

मुठा नदी वाड्याच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर आहे, पण ती वाड्यापेक्षा खाली. नदीचं पाणी वाड्यात आणायचं तर माणसांनी, पखालींनी वर वाहायचं. त्यावर कारंजी उडत नाहीत. नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास उलट दिशेला बघितलं. दक्षिणेला कात्रजचा डोंगर, तिथे दोन बंधारे घातले. वरच्यात गाळ बसायचा आणि नितळ पाणी पुढे जायचं. तिथून जमिनीखालून दगड-विटांचा, चुन्यात बांधलेला नळ शहरापर्यंत आणला, सुमारे दहा किलोमीटर. नळ म्हणजे आजचा पाइप डोळ्यांसमोर आणू नका. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा तो बोगदा आहे. ठरावीक अंतरावर त्याला उभे मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नाव किती नेमकं आहे बघा. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, नाहीतर पाणी अडतं, आणि सफाईला माणसंही तिथूनच उतरतात. कुठेही पंप नाही, रहाट नाही. कात्रज उंच, पुणं सखल, आणि मधला उतार कारागिरांनी असा साधला की पाणी आपल्या पायांनी चालत आलं.

वाटेत गावात हौद होते, त्यांतून पेठांना पाणी मिळे. सगळ्यांना मात्र मिळत नसे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जातीची शिवाशिव हौदावर सगळ्यांत कडक होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात आणि याच पाण्याच्या इतिहासातला भाग आहे.

वाड्यात पोहोचलेलं हे पाणी हौदांत, चौकातल्या कारंज्यांत आणि झाडांच्या आळ्यांत खेळवलं जाई. तुम्ही पाहिलेलं कोरडं कारंजं म्हणजे हजारी कारंजं. बालवयातल्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते बांधलं अशी माहिती परंपरेने आली आहे. आकार सोळा पाकळ्यांच्या कमळाचा, आणि पाकळ्यांतून तोट्या. "हजार" म्हणजे मोजून हजार नव्हे, "पुष्कळ" या अर्थी. पण करायला ही गोष्ट अवघड आहे. कारंज्याची धार जवळच्या हौदातल्या पाण्याच्या पातळीच्या वर जात नाही, घर्षणामुळे थोडी खालीच राहते. शिवाय गोलातल्या सगळ्या तोट्या सारख्या उंचीला उडायला हव्या असतील तर पाणी सगळीकडे सारख्या दाबाने पोहोचलं पाहिजे. पहिल्या तोटीने जोर खाल्ला तर पलीकडची मरते. एखाद्या तोटीत वाळूचा कण अडकला तरी कमळ वाकडं दिसतं. म्हणजे कात्रजला गाळ नीट बसलाय का यावर इथल्या कमळाची एकेक पाकळी अवलंबून. पुढच्या वेळी कारंज्याच्या काठावर बसून तळाकडे बघा. पाकळ्यांच्या कडेने फिरणारी रेषा डोळ्यांनी धरा. वाड्याच्या बागेतलं आज उरलेलं खरं काम हेच.

अशा चौकबागेचा उपयोगही कळून घ्या. पुण्याचा चैत्र-वैशाख कोरडा. चहूबाजूंनी ओसऱ्या, मधे उघडा चौक, चौकात उडणारं पाणी: हवा त्यावरून गार होऊन खालच्या दालनांत शिरते. पूजेला फुलं, तुळस, सावलीला झाडं, हे चौकात. आणि आमराई, भाजीपाला, मोठी फिरायची बाग ही तटाबाहेर गावाच्या कडेला. पेशव्यांच्या मोठ्या बागा बघायच्या तर वाड्यातून बाहेर पडून पर्वतीकडे जावं लागतं. आंबिल ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, काठावर हिराबाग. तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, म्हणून जुने पुणेकर अजून "तळ्यातला गणपती" म्हणतात. तळं पुढे बुजलं आणि त्याच जागी आजची सारसबाग आहे. तुम्ही मुलांना तिथे भेळ खायला नेलं असेल तर पेशव्यांच्या तळ्याच्या तळाशी बसून खाल्लीत.

वाड्यातल्या मृत्यूंविषयी थोडंच. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना वाड्यातच मारलं. ते अठरा वर्षांचे होते. त्यांचा देह ज्या दरवाजाने नेला त्याला नारायण दरवाजा हे नाव पडलं. पौर्णिमेला "काका, मला वाचवा" ऐकू येतं अशा गोष्टी पर्यटकांना सांगितल्या जातात, आणि मला त्या ऐकताना वाईट वाटतं. एका मुलाचा घरच्या माणसांच्या कारस्थानात बळी गेला, एवढं सत्य पुरेसं भयंकर आहे. त्यांचा मुलगा सवाई माधवराव पुढच्या वर्षी पुरंदरावर जन्मला, आणि २५ ऑक्टोबर १७९५ ला याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळला. खाली कारंजं होतं असं सांगतात. दोन दिवसांनी तो गेला, वय एकवीस.

मग वाडा कसा पडला? "इंग्रजांनी तोफा लावून उडवला" हे ऐकलं असेल. तसं झालेलं नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, दुसरे बाजीराव पुणं सोडून गेले, आणि १७ नोव्हेंबरला बाळाजीपंत नातूच्या हातून वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. वाडा तेव्हा धड उभा होता. पुढच्या दहा वर्षांत त्यात तुरुंग, इस्पितळ, वेड्यांचं रुग्णालय असं काय काय भरलं. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली असं सांगतात. त्याआधीही वाड्यात आगी लागल्या होत्या, पण तेव्हा दुरुस्ती करणारा धनी होता. या वेळी नव्हता.

एवढा मोठा वाडा जोत्यापर्यंत कसा जळतो, हे लोकांना पटत नाही. या वाड्यांची भार घेणारी चीज म्हणजे सागवानी सांगाडा: खांब, तुळया, कड्या, वर तक्तपोशी. विटा त्या सांगाड्यात भरलेल्या. उघडा चौक आगीच्या वेळी धुराड्यासारखा हवा ओढतो, आणि जिन्यांवाटे ज्वाळा मजल्यामागून मजला चढतात. सांगाडा जळाला की भिंतीला धरून ठेवणारं काही राहत नाही, मजले एकमेकांवर बसतात. तट मात्र दगड-विटांचा आणि जाड, तो राहिला. नगारखाना तटावर सुटा असल्याने वाचला. त्यानंतर ढिगाऱ्यावर पोलिसांच्या चाळी आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाला, आतलं कोर्टाचं बांधकाम १९२३ मध्ये पाडलं आणि उत्खननात जोती, हौद, कारंजी बाहेर आली.

आता हिरवळीबद्दल एक काळजी. भग्न वास्तूत लॉन लावायची आपल्याकडे रीतच पडली आहे. ती दिसायला नीटनेटकी असते, पण गवताला रोज पाणी लागतं आणि ते पाणी जोत्याच्या दगडात शिरतं. नगरकडच्या एका गढीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. तिथे हौसेने गवत लावलं, फवारे बसवले, माझं म्हणणं खर्चिक म्हणून बाजूला ठेवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात जोत्याच्या खालच्या तीन थरांना लोणा फुटला. पांढरी बुरशीसारखी पूड. बोट फिरवलं तर दगडाची पापुद्र्यासारखी चकती हातात आली, आणि सांध्यातला चुना पिठासारखा गळू लागला. मग कुणीतरी वरून सिमेंट थापलं, त्यामुळे ओल आत कोंडून अजून वर चढली. माझा आग्रह असा असतो की जोत्यापासून निदान दोन हातांची पट्टी कोरडी ठेवा, मुरूम किंवा खडी पसरा, पावसाचं पाणी बाहेर काढणारी जुनी मोरी शोधून मोकळी करा, आणि सांधे चुन्यानेच भरा. जुन्या मोऱ्या बहुतेक वेळा सापडतात. ज्यांनी पाणी आत आणलं त्यांनी ते बाहेर काढायचीही सोय केलेली असते.

मुलांना घेऊन पुन्हा जाणार असाल तर क्रम बदला. आधी विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेला, १८७९ च्या आगीत थोडा जळला पण दर्शनी सज्जा, सुरूचे खांब, चौक हे सगळं उभं आहे. जमलं तर दिवसभर काढून वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यावर जा. चौक, ओसऱ्या, मागे कृष्णेचा घाट. केळकर संग्रहालयात मस्तानी महालाचं दालन आहे, कोथरूडहून सोडवून आणून पुन्हा जोडलेलं, तेही दाखवा. हे पाहून झालं की सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना शनिवारवाड्यात शिरा. तिरप्या उन्हात जोत्यांच्या कडा आणि तळखड्यांच्या खोबणी सावलीने उठून दिसतात, दुपारी त्या सपाट होतात. धाकटीला एका तळखड्यावर उभं करा, थोरल्याला पुढच्या, आणि तुम्ही तिसऱ्यावर. मग तिला सांगा, आपण तिघं आत्ता दिवाणखान्याचे खांब आहोत.